परतबाई

मॅडमविषयी लिहिण्याचा मला खरं तर अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे फारसं कधी लिहिलेलं नाही. त्यांच्या बरोबरीच्यांनी लिहायला हवं होतं. कोणी लिहिलं नाही, म्हणून धीर करतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मॅडम साताऱ्याकडच्या. आमच्याकडे जिथे 'वापस' म्हणतात तिथे त्या 'परत' म्हणत, आणि इतक्यांदा म्हणत की नेरजवळच्या आमच्या गावाने त्यांचं नावच परतबाई ठेवलं. "परत येते." "परत विचारते." "परत आणून देते." कापसाचे ते वाईट दिवस होते. शहरांतून गाड्या यायच्या, माणसं घरोघरी बसून माहिती आणि फोटो घ्यायची, आणि निघून जायची. मग त्यांचं तोंड कोणाला दिसत नसे. मॅडम एसटीने यायच्या, डोक्याला रुमाल बांधून, आणि खरंच परत यायच्या.

त्या यवतमाळला शिकवत आणि विद्यापीठासाठी कापसाच्या घरांतल्या बायकांचा अभ्यास करत. मी आणि माझी वर्गमैत्रीण संगीता त्यांच्या मदतीला होतो. माझ्याच गावच्या मंदाकाकूंनी (हे नाव खरं नाही) मुलाखतीत मनातलं सांगितलं. अर्ध्या वावरात कापसाऐवजी भाजीपाला लावायचा आणि त्यावर मुलीला, पिंकीला, नर्सिंगला पाठवायचं. काका गेल्यापासून घरात त्यांच्या थोरल्या दिरांचा, म्हणजे भासऱ्यांचा शब्द चाले, आणि ते पिंकीसाठी स्थळं पाहत होते. "त्याइले इतक्यात मालूम नाही पडलं पाह्यजे, बाई," काकू म्हणाल्या. "नाही तं पोरीचं शिक्षण गेलं."

पुढे दुसऱ्या एका विद्यापीठाने आमची माहिती मागितली. मॅडम खूश झाल्या. "कपाटात पडून राहायची असती तर या बायकांनी काम सोडून आपल्याशी बोलायचं कशाला?" पण देण्याआधी त्या परत गावात गेल्या.

"माघं तं हो म्हटलं ना, बाई. कितीदा इचारता?" काकू म्हणाल्या.

"ते हो आमच्यापुरतं होतं. आता दुसऱ्यांना द्यायचंय. नाही म्हणालात तरी चालेल."

काकूंना हसू आलं. "लग्नाच्या वक्ताले मले कोणं एकदाही नाही इचारलं, अन् तुमी दुसऱ्यांदा इचारून राह्यल्या. द्या. पण नाव नोका देऊ."

संगीताने सगळी नावं काळजीपूर्वक काढली. मॅडमनी त्यातलं एक पान माझ्यापुढे ठेवलं. "ही कोण?" मी वाचलं. मुली दोन, वावर नाल्याकाठी, गावात शिवणकाम करणारी एकटीच. (शिवणकामही मी इथे बदलून लिहिलं आहे.)

"या तर मंदाकाकू," मी म्हणालो.

"पण नाव तर काढलं ना मी," संगीता हिरमुसली.

"नाव काढलंस, बाळ, माणूस राहिला. हा ओळखतो तर भासरेही ओळखतील."

मग आम्ही प्रत्येक पान शेजाऱ्याच्या नजरेने वाचायला लागलो. शिवणकामाचं 'घरगुती व्यवसाय' झालं, नाला गेला, गाव गेलं, तालुकाही गेला. त्या विद्यापीठातल्या तरुण संशोधकाने फोनवर विचारलं, "मॅडम, इतकं झाकल्यावर उरलं काय?"

"आकडे उरलेत, ते न्या. बोलणं वाचायचं असेल तर इथे येऊन बसा. ज्यांनी हो म्हटलंय त्यांचंच दाखवीन. चहा माझ्याकडून. कागद खोलीबाहेर जाणार नाही."

तो आला, बसला, आणि मॅडमचा अतिगोड चहा मुकाट्याने प्यायला.

अभ्यासातून काय निघालं ते मॅडमनी आमच्या गावाच्या समाजमंदिरात वाचून दाखवलं. तालुक्यातल्या सगळ्या गावांचं मिळून होतं. "जिथून आणलं तिथे परत द्यायला नको?" काही बायकांना कापूस कमी करून भाजीपाला लावावासा वाटतो, असं त्यांनी वाचलं, तेव्हा मी दाराकडे पाहिलं. दाराशी उभे असलेले भासरे मान डोलवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, लोकाइच्या बाया कसा इचार करतात. आपल्याइथं काहून नाही सुचत कोणाले?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. पुढच्या हंगामात त्यांच्या वावरात वांगी होती, आणि ती आपलीच अक्कल असं भासरे पारावर सांगत. वांगी विकायला तेच नेत. पिंकीच्या शिक्षणाची गोष्ट काकूंनी त्याच हंगामात, ते खुशीत असताना, हळूच काढली. स्थळांचा विषय मागे पडला आणि वांग्यांच्या पैशावर पिंकी नर्सिंगला गेली.

निवृत्त होऊन मॅडम साताऱ्याला गेल्या. यवतमाळच्या स्टँडवर खिडकीतून म्हणाल्या, "परत येते." गुडघ्यांमुळे ते जमलेलं नाही. तिकडून गुळाचा डबा मात्र येतो.

मागच्या आठवड्यात पिंकीचा फोन आला. ती आता नागपूरला नर्स आहे आणि पुढचं शिकते आहे. तिच्या अभ्यासासाठी तिने विद्यापीठाकडून आमचीच जुनी माहिती मागवली होती. ती फोनवर जे बोलली ते मॅडमना कळवू का, कुठे लिहू का, असं मी तिला विचारलं, काकूंना विचारलं, आणि दोन दिवसांनी दोघींना परत विचारलं. त्या हो म्हणाल्या म्हणूनच सांगतो.

"दादा, पुरी माहिती वाचली मी," पिंकी म्हणाली. "आईले शोधत होती. नाही सापडली."