पुसलेला अंगारा

तंजावुरात नव्या एसटीडी बूथच्या माडीवर मनोविकारांच्या एक डॉक्टर बसायच्या. त्यांचं नाव आता आठवत नाही, पण ती सकाळ आठवली की मला अजून एका जागी बसवत नाही!

वडील गेल्यापासून आई धड जेवेना, बोलेना. मी तिला तिथं नेलं, तर दारातच तिनं पदरानं कपाळावरचा अंगारा पुसून टाकला. शिकलेले डॉक्टर हसतात, अशी आमच्या मराठी गल्लीतल्या सगळ्यांचीच समजूत.

डॉक्टरांनी ती पुसट राख पाहिली आणि पेन चक्क बाजूला ठेवलं.

"पुसलंत होय? मी देव मानत नाही," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "पण तुम्ही रोज ज्याच्याशी बोलता त्याला बाहेर बसवलंत, तर माझ्याशी अर्धंच बोलाल."

"कोण बोलतंय त्याच्याशी?" आई एकदम मराठीत कडाडली. "माझं माणूस नेलं त्यानं! देवापुढे दिवासुद्धा लावत नाही मी!"

केवढा तो आवाज! मी धडपडत ते तमिळमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचे डोळे चमकत होते.

"मग अंगारा कशाला लावता?"

आई पदर सावरत म्हणाली, "भांडण आहे. सोडून कुठं दिलंय त्याला?"