रविवारची बांधणी

आमच्या चिकूच्या वाडीत फळं ठेवायची एक खोली होती. २०१५ पासून तीनेक वर्षं दर रविवारी मी आणि माझी एक मैत्रीण तिथे कवितांची पुस्तकं बांधायचो. मी डहाणूत कॉलेजात मराठी शिकवायचे. ती तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका, मूळची साताऱ्याकडची. सकाळी जीपने हायवेवरच्या चारोटीला उतरायची, तिथून दुसरी गाडी धरून वाडीवर यायची. येताना गरम वडे आणायची, आणि ते खाल्ल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मला कागदाजवळ फिरकू द्यायची नाही.

छपाई गावातल्या प्रेसमध्ये व्हायची. छापलेल्या कागदांच्या घड्या घालणं, दाभणाने भोकं पाडणं, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवणं, खळीने पुठ्ठा चिकटवणं हे आमच्याकडे. दमट हवेत पुठ्ठे लवकर वाळायचे नाहीत, कडा वर उचलायच्या. मग चिकूच्या भरलेल्या क्रेटखाली दाबून ठेवायचो.

पहिलं पुस्तक वरोरच्या एका कवीचं. तो म्हणाला, "मुखपृष्ठावर वारली चित्र टाका, खपेल."

"तुमच्या कवितेत सगळा समुद्र आहे," ती शांतपणे म्हणाली. "मग चित्र दुसऱ्याचं कशाला?"

आम्ही नुसता निळा कागद लावला. त्याला तो आवडला.

तिच्या स्वतःच्या कवितांचा विषय निघाला की ती म्हणायची, "आधी बाकीच्यांचं होऊ दे." मग एका रविवारी म्हणाली, "माझी बदली झाली. गावाजवळ मिळाली."

अर्ज तिनेच केला होता, तिची आई थकली होती, हे मला माहीत होतं. तरी हातातली सुई खाली ठेवावी लागली. "आता तुझं पुस्तक करू," एवढंच मी म्हणाले.

शेवटचे काही रविवार ती मान खाली घालून स्वतःचंच पुस्तक शिवत होती. कच्च्या प्रतीतली एक कविता त्यात दिसेना. या खोलीवरची होती.

"ती का काढलीस?"

"अजून झालेली नाही ती."

मी तिला चारोटीपर्यंत सोडायला गेले. हायवेच्या आवाजात बोलणं झालंच नाही.

पुढे मी एकटीने एक पुस्तक केलं. एकटीलाही जमतं. पण घडी घालताना एखादी ओळ आवडली की मान वर करून ती वाचून दाखवायची सवय झाली होती. वर पाहिलं की समोर क्रेट.

आता ती संध्याकाळी कधीतरी फोन करते, नवी कविता वाचते. ओळ कुठे तोडली आहे ते फोनवर कळत नाही.

"इथे संपली का?" मी विचारते.

"नाही, अजून आहे."

मग तिच्या आवाजावरून मी ओळी कागदावर उतरवते.

"मे महिन्यात ये इकडे, सुट्टी असते," ती म्हणते. मी हो म्हणते. मे महिन्यात वाडीत तोडणी असते, मला निघता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी दर फोनला बोलावते.