श्यामलाक्कांची कसुती आणि वकिलांचा कंप्युटर

सुधींद्र वकिलांबद्दल बोलायला धारवाडात माणसं कमी नाहीत. कोर्टातले बोलतील, अमरगोळच्या मार्केट यार्डातले आमचे हमाल तर बोलता बोलता डोळे पुसतील. श्यामलाक्कांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मुद्दाम विचारलं तर म्हणतात, "हां, वकिलांच्या मिसेस. चहा छान करतात." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लिहिणं हा माझा धंदा नाही, शाळा मी सातवीत सोडली. पण कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि जे लिहू शकतात ते चहा पिऊन गेले.

केलगेरीच्या तळ्याकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं भाड्याचं घर. पुढची खोली म्हणजे वकिलांचं ऑफिस. त्या खोलीचा कायदा एकच होता, घरातली वस्तू तिथे येता कामा नये. लग्न नवीन असताना श्यामलाक्कांनी कसुतीच्या भरतकामाचं अर्धवट कापड एका फायलीवर ठेवलं, त्यातली सुई अशिलाच्या बोटात गेली आणि वकिलांनी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून त्यांच्या शिवणाने तो उंबरा ओलांडला नाही. हे त्या हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही.

वकील स्वतः टाइप करत नसत. खोलीत येरझाऱ्या घालत छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलायचे, मग गुरुराज नावाचा त्यांचा टायपिस्ट ते ऐकून कागदावर उतरवायचा. ते बोलणं कंप्युटरमध्ये साठवून ठेवायची त्यांची पद्धत, प्रत्येक केसचा वेगळा फोल्डर. कंप्युटर जुना, पाठीमागे पेटीएवढा फुगलेला. नवीन घ्या म्हटलं की म्हणायचे, "हा माझं ऐकतो. नवा मला शिकवेल."

मग त्यांना मेंदूचा झटका आला. हात वाचले, पाय वाचले, जीभसुद्धा थोड्या दिवसांत सुटली. अक्षरं गेली. म्हणजे लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं. मी विश्वास ठेवला नाही. तर त्यांनी माझ्यासमोर कागद ओढला, झरझर लिहिलं, "हणमंत, तू आज पण उशिरा आलास," आणि कागद माझ्याच हातात देऊन विचारलं, "यात काय आहे रे?"

मी म्हटलं, "माझी तारीफ आहे."

"खोटं. मी असलं काही लिहिणार नाही."

पण हसणं तेवढंच. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून ते कंप्युटरसमोर बसायचे. पडद्यावर सगळे पिवळे डबे, खाली काळ्या मुंग्यांसारखी नावं. कुठेही टिचकी मारली की भलतीच केस उघडायची. "अगं, हमालांचं कुठं आहे?" श्यामलाक्का पदराला हात पुशीत यायच्या, बोट ठेवून दाखवायच्या, आत जायच्या. पुन्हा "अगं". कुकरची शिट्टी तिकडे, "अगं" इकडे. आणि एक दिवस त्यांनी हाक मारणंच सोडलं. बंद पडद्यासमोर शर्टाची बटणं लावून बसून राहू लागले.

श्यामलाक्का घाबरल्या त्या याला. मला फाटकापाशी गाठून म्हणाल्या, "अण्णा, त्यांना विचारायची लाज वाटते हो. बायकोला विचारून स्वतःचा आवाज ऐकायचा म्हणजे काय! त्या पिवळ्या डब्यांना दुसरं चित्र लावता येतं का? अक्षरं गेली, चित्र तर कळतं ना त्यांना. त्यांनी आपलं आपण उघडावं. बाकी मला काही नको."

कंप्युटर मला कुणी शिकवला नाही. हमालांच्या संघटनेच्या ऑफिसात शिव्या खात, शिव्या देत शिकलो. एवढं मला येत होतं. फोल्डरवर उजवी टिचकी, त्याच्या माहितीत जायचं, चित्र बदला म्हणायचं. कंप्युटरने आपल्याकडची चित्रं दाखवली, एक झाड, एक किल्ली, एक चांदणी. श्यामलाक्कांनी नाक मुरडलं. "हे झाड कुणाचं? यांच्या कुठल्याच केसमध्ये असलं झाड नाही."

मग मी पेंट उघडून दिलं, चित्र अगदी लहान केलं आणि मोठं करून दाखवलं. पडद्यावर चौकटीच चौकटी. एका चौकटीत एक रंग भरायचा, झालं की फाइलच्या नावाचं टिंबानंतरचं शेपूट बदलायचं, आणि फोल्डरला ते चित्र दाखवून द्यायचं.

त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. "अय्या, हे तर कापड आहे!"

कसुती करताना आधी छापत नाहीत, रेघ मारत नाहीत. धागे मोजत सुई घालायची. श्यामलाक्कांचं सगळं आयुष्य मोजण्यात गेलेलं. माउस, म्हणजे कंप्युटरचा उंदीर, हातात धरायला त्यांना आठवडा लागला, चित्र काढायला एक दुपार. कसुतीतलं गोपूर काढलं, हत्ती काढला, पाळणा काढला. वकिलांना आणून बसवलं.

वकील म्हणाले, "ही साडी कुणाची?"

"साडी नाही. तुमच्या केसेस आहेत."

"माझ्या केसला पाळणा? माझ्या ऑफिसात हे काय चाललंय?"

"एन्री, अहो, ओरडू नका," त्याही तडकल्या. "तुम्हाला वाचता येत नाही, मला तुमचं कोर्ट माहीत नाही. दोघांनी मिळून काय ते बघू की."

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी श्यामलाक्कांनी मला पकडलं. "अण्णा, हमालांकडे गेलं की आधी काय दिसतं?" मी म्हटलं, आकडा. पोत्यात मारून पोतं पाठीवर घ्यायचा लोखंडी आकडा. त्यांनी तो कधी बघितला नव्हता. मी माझाच नेऊन दिला. कीबोर्डच्या शेजारी ठेवून, बघून बघून त्यांनी तो चौकटीत उतरवला. कलघटगीच्या जमिनीच्या केससाठी चिंच, कारण तिथली माणसं कोर्टाबाहेरच्या चिंचेखालीच बसायची. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या केससाठी पळी.

ही चित्रं लावली त्या सकाळी मी तिथे होतो. वकिलांनी पडद्यावरून नजर फिरवली, आकड्यापाशी थांबले. उंदीर हलला. टिचकी. आणि खोलीत त्यांचाच आवाज उभा राहिला, आजाराच्या आधीचा, तापलेला: "माझे अशील पोती उचलतात, साहेब, पण ते स्वतः पोती नाहीत." वकिलांची पाठ ताठ झाली. बोट हवेत हलू लागलं, स्वल्पविरामासकट. श्यामलाक्का दारात उभ्या होत्या, उंबऱ्याबाहेर. आवाज संपल्यावर ते वळले आणि म्हणाले, "तिथं काय उभी आहेस? खुर्ची घे."

पुढचे काही महिने त्या घरात जायला मला आवडायचं. वकील चुका काढायचे. "आकड्याचं टोक आत वळतं, बाहेर नाही." त्या चौकटी उसवून पुन्हा भरायच्या. "हे अशील फार कटकटी आहेत, अण्णा," मला म्हणायच्या. चेहरा मात्र वेगळंच सांगायचा. वकील आपलं आपण उघडत होते. पुन्हा "अगं" ऐकू यायची, पण ती चहासाठी.

मग कंप्युटर रखडायला लागला. एक फोल्डर उघडायला तो एवढा वेळ घ्यायचा की वकील वैतागून तीनदा टिचकी मारायचे आणि सगळंच गोठायचं. मी हुबळीहून प्रभंजनला पाठवलं. कंप्युटर दुरुस्त करतो, पोरगा सरळ आहे. मी त्या दिवशी यार्डात होतो. काय बोलणं झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळतं.

प्रभंजन म्हणाला, "अक्का, सी ड्राइव्ह पूर्ण पुसावा लागेल. डीला मी हात लावत नाही. सीमध्ये महत्त्वाचं काही आहे?"

"महत्त्वाचं सगळं यांचं. ते डीमध्ये आहे."

"नक्की?"

"नक्की हो. बाकी काही नाही."

चित्रं सीमध्ये होती. श्यामलाक्कांनी ती वकिलांच्या केसच्या फोल्डरांत ठेवलीच नव्हती. वकिलांच्या कागदांत आपलं शिवण कसं घालायचं! म्हणून पलीकडे वेगळा फोल्डर करून, त्याला "शिवण" नाव देऊन, तिथे नीट ठेवली होती. संध्याकाळी कंप्युटर भराभर सुरू झाला आणि सगळे डबे पिवळे.

मी फोनवर प्रभंजनला नको ते बोललो. तो म्हणाला, "अण्णा, मी विचारलं होतं. दोनदा." मग मी अक्कांवर घसरलो. "अक्का, तुमची चित्रं महत्त्वाची नव्हती?"

"ती माझी होती की," त्या म्हणाल्या.

यावर मी कुणाशी भांडू? नवऱ्याशी? ते समोर बसून पिवळ्या डब्यांवर टिचक्या मारत होते. हमालांचं उघडायला गेले तर स्वयंपाकवाल्या बायकांची केस लागली. पुन्हा मारली, तीच लागली. त्यांनी कीबोर्ड उचलून आपटला, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड उघडं टाकून रडले. मी त्यांना कोर्टात हरताना बघितलंय, असं बघितलं नव्हतं.

श्यामलाक्का त्याच रात्रीपासून पुन्हा चौकटी भरायला बसल्या. चिंच झाली, पळी झाली. आणि त्या आठवड्यातच वकिलांना दुसरा झटका आला. लहान होता, डॉक्टर म्हणाले. कंप्युटरचा आणि याचा काही संबंध नाही, असंही म्हणाले. श्यामलाक्का मला म्हणाल्या, "डॉक्टरांनी ते पिवळे डबे बघितलेत का?"

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी उरलेली चित्रं पुरी केली. या वेळी प्रत्येक चित्र त्या त्या केसच्या आत ठेवलं. आकडा तर आधीपेक्षा देखणा झाला होता. वकिलांना शर्ट घालून खुर्चीत बसवलं, हात उंदरावर ठेवला. मी शेजारी, त्या पलीकडे.

वकील बघत राहिले. हात हलेना.

मी म्हटलं, "साहेब, आकडा."

"हं. आकडा." परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी सभ्यपणे. "कशाचा हो?"

श्यामलाक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी वकिलांच्या हाताखालून उंदीर हळूच काढून घेतला आणि स्वतः टिचकी मारली. आवाज सुरू झाला. वकिलांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावत. बोट हललं नाही. संपल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "हा वकील कोण?"

मी उंदराची वायर सरळ करत बसलो, ते पुढे बोलतच होते.

"बरा बोलतो. तुमच्या माणसांना सांगा, यालाच धरा. सोडणार नाही हा."

"सांगते हो त्यांना," श्यामलाक्का म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, चित्र मोठं करून बघू. रंग भडक करू. दुसरा उपाय असतो, मी शोधतो."

"नको अण्णा." त्यांनी खुर्ची वकिलांच्या खुर्चीला लावून घेतली. "आता मीच उघडणार ना. मला वाचता येतं."

मग वकिलांना विचारलं, "अजून ऐकायचं? याच वकिलाचं दुसरं आहे. कलघटगीचं."

"असेल तर लाव," ते म्हणाले.