आरोहीशी बोलताना

सायखेड्याच्या त्या गल्लीत ललिताएवढं लेकीशी बोलणारी दुसरी बाई नव्हती. आरोही रांगत होती तेव्हापासून मेथी निवडता निवडता ती सांगायची, "हे पान, हा देठ, ही माती. माती टाकायची, पान ठेवायचं." कपडे वाळत घालताना रंग, भाकरी थापताना मोठी-लहान, झोपवताना मांजरीची गोष्ट. मूल घरातच शिकायला लागतं, त्याच्याशी बोलत राहा, असं अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं होतं आणि ललिताला ते मनापासून पटलं होतं.

तिसरं वर्ष सरलं तरी आरोही बोलेना. नुसती किंचाळायची. हवं ते मिळालं नाही की चावायची, डोकं भिंतीवर आपटायची.

"दिवसभर पोरगी तुझ्यापाशी असती," सासू चतुराबाई म्हणाल्या. "तूच बोलत नसशील तिच्याशी. मोबाइल देऊन बसवत असशील."

नवरा कुंदन ओझरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला जायचा. तो म्हणाला, "मी पण उशिराच बोललो म्हणं. बोलंल ती." मग ललिता आणखी बोलायला लागली, घसा बसेपर्यंत.

दिवाळीत शेजारच्या पोरांनी अंगणात सुतळी बॉम्ब लावला. आरोही पाठमोरी बसून रांगोळीवर बोट फिरवत होती. बॉम्ब फुटला तशी चतुराबाईंच्या हातातली फराळाची ताटली पडली, कुत्रं केकाटत पळालं. आरोहीने मानही वर केली नाही. आदल्या दिवाळीत ती फटाक्यांच्या आवाजातही गाढ झोपली होती. तेव्हा सगळ्यांनी 'किती शांत पोर' म्हणून कौतुक केलं होतं. ललिताने तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मग ताटली जमिनीवर आपटली. पोरीचं बोट रांगोळीवर फिरतच राहिलं.

नाशिकला तपासणी झाली. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, बहुधा जन्मापासूनच.

"कानाला ऐकायचं मशीन लावून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण फार आशा धरू नका. तान्ही असताना आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

परतीच्या बसमध्ये कुंदन खिडकीबाहेर बघत राहिला. ललिता मांडीवरच्या लेकीकडे बघत होती. मांजरीची गोष्ट तिने कितीदा सांगितली होती. पोरीने नुसतं हलणारं तोंड पाहिलं होतं.

मशीनचा फारसा उपयोग झाला नाही. नाशिकच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या बाईंनी ललिताला हातांची भाषा शिकवायला सुरुवात केली. वस्तू दाखवायची, खूण करायची, पोरीची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं. मेथीची जुडी पुन्हा समोर आली. पान, माती, पाणी, अजून, नको. 'नको' शिकल्यावर आरोहीचं चावणं कमी झालं.

चतुराबाईंना ते खपेना. "हातवारे शिकवशील तर तोंड कधी उघडायची नाय ती. लोक मुकी म्हणतील."

"म्हणू द्या, आत्या. तिला काय हवं ते तरी सांगती आता."

कुंदनने मात्र एकही खूण शिकून घेतली नाही. लेक समोर येऊन हात हलवायला लागली की तो ललिताला हाक मारायचा.

पावसाळ्याच्या शेवटी चतुराबाई न्हाणीत घसरल्या. डोक्याला मार लागला आणि दवाखान्यातच त्या गेल्या. घर माणसांनी भरलं. आरोही बायकांच्या मांड्या ओलांडत ललितापाशी आली. आधी 'आजी', मग 'कुठं?' तिने हातांनी विचारलं. जमलेल्या बायका बघत राहिल्या. एवढा नीट प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता, आणि ललिताकडे मरणाची खूण नव्हती. कधी शिकावीशीच वाटली नव्हती.

आरोहीने डोळे मिटून गालाखाली हात धरला. आजी झोपली?

तेवढ्यात कुंदन उठला. लेकीला घेऊन तो आईच्या खाटेपाशी गेला. मोकळ्या खाटेवर हात फिरवला, मान हलवली. नाही. आरोहीने पुन्हा गालाखाली हात धरला. त्याने पुन्हा मान हलवली. ती त्याच्या छातीवर मुठी मारत किंचाळायला लागली. तो मारू देत तसाच उभा राहिला.

पुढच्या जूनला आरोही नाशिकच्या त्याच शाळेत गेली. ती चित्रं ओळखते, अक्षरं गिरवते, बोलत मात्र नाही. बोलेल असं आता कोणी म्हणतही नाही. कुंदन घरात थोड्या खुणा करतो. बाहेर गेला की हात खिशात.

परवा बसमध्ये कंडक्टरने आरोहीला मागून नाव विचारलं. ती वळली नाही.

"लाजती ती," कुंदन घाईने म्हणाला.

"लाजत नाय," ललिता म्हणाली. "तिला ऐकू येत नाय. समोर येऊन विचारा."

कुंदनने मान खाली घातली. गर्दी फार होती. कंडक्टर पुढे निघून गेला.