किल्ल्यावरचा बंद फोन

मेघना पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "अहो आई, पाणी गेलं."

सातवा महिना. डोंगरावरच्या किल्ल्याची दगडी वाट, आणि खाली गाडीपर्यंत अर्धा तास. माझ्या मुलाने, अविने, मोबाइल वर धरला, खाली धरला. रेंज नाही. "तू पळ, माणसं आण," मी म्हणाले. तो पळाला. मी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. सलवारीवर लाल डाग दिसायला लागला होता.

मी चौथी पास बाई. भूतखेत, अंगात येणं, असलं काही कधी मानलं नाही. गावात कुणा सुनेच्या अंगात आलं की मी आधी बघायची, तिच्या घरी कामाचा ढीग किती पडलाय. पण हे माझ्यासमोर घडलं, म्हणून लिहितेय.

तेव्हा आयटीतली आपली बरीच पोरं जपानला जात होती. अवि त्यातलाच एक, टोकियोजवळ ग्योतोकुला राहायचा. सुनेच्या बाळंतपणासाठी त्याने मला बोलावून घेतलं. मेघनाचं माहेर आपल्याकडच्या एका किल्ल्याच्या पायथ्याचं. तिला डोहाळा लागला किल्ला चढायचा... कैरी मागितली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई चढउतार नको म्हणाल्या होत्या, अविही नको म्हणत होता. मीच त्याला गप्प केलं. डोहाळा पुरवला नाही तर पोराचा कान फुटतो, असं आमच्यात म्हणतात. भूत न मानणारी मी, हे मात्र मानत होते. चूक माझी.

दोन तास गाडीने जाऊन एका लहान गावातला चारपाचशे वर्षांचा किल्ला गाठला. हळूहळू, बसत बसत चढलो. वर चिटपाखरू नाही. माथ्यावर लाकडी बुरूज, त्याला कुलूप, आणि शेजारी हिरवा सार्वजनिक फोन. फोनला प्लास्टिक गुंडाळलेलं, वर कागद. अविने वाचून सांगितलं — फोन बंद आहे, तार काढून नेलीय. आम्ही धपाटे खाल्ले, अविने फोटो काढला आणि उतरायला लागलो. तिसऱ्या वळणावर हे असं झालं.

"आई, बाळ हलत नाहीये," मेघना म्हणाली.

"झोपलं असेल. बापावर गेलंय."

ती हसली, मग रडायला लागली. मला रडायला सवड नव्हती. ओढणीची घडी करून तिला दिली आणि वाटेकडे बघत बसले.

पंधरा मिनिटांत हेल्मेटवाली तीन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, मागे अवि धापा टाकत. मला वाटलं, पोरगं चांगलं पळालं. पण ती माणसं त्याला अर्ध्या वाटेवर भेटली होती. आधीच चढत होती.

हॉस्पिटलात मेघनाला आत नेल्यावर अविने त्या माणसांना विचारलं, तुम्हाला बोलावलं कुणी? म्हणाले, किल्ल्यावरच्या सार्वजनिक फोनवरून एका म्हाताऱ्या बाईने. तिसऱ्या वळणावर गरोदर बाई आहे, सोबत परदेशी म्हातारी, एवढंच बोलली. त्यांच्या कागदावर फोनची वेळ होती दोन वाजून दहा मिनिटं. अविने कॅमेरा उघडला. माथ्यावरच्या फोटोची वेळ दोन पस्तीस. त्यात मेघना धपाटा खातेय, हसतेय. म्हणजे फोन गेला तेव्हा कुणाला काही झालंच नव्हतं. कॅमेऱ्याचं घड्याळ त्याने हॉस्पिटलच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

अँब्युलन्सच्या ठाण्यातून निघून वर पोचायला तास लागतो. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर दोघींपैकी कुणाची खात्री नव्हती.

पुढच्या रविवारी अवि एकटा वर जाऊन फोन बघून आला. प्लास्टिक तसंच, तार नाहीच. मी पुष्कळ डोकं चालवलं. तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

मेघनाला तीन बाटल्या रक्त चढवलं. नात सव्वा महिना काचेच्या पेटीत होती. दोघी जगल्या.