खालीच शोधणारा विजयसिंह

नाव विजयसिंह, अंगावर मांस मात्र पावशेर. इंदापुरात कचेरीसमोर टायपिंगचं दुकान. लोक तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागं काय म्हणत ते न सांगितलेलं बरं. पण त्याचा रुबाब होता एका फायलीवर. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर त्यानं टाइप करून ठेवलं होतं. पुढं ते रजिस्टर वाळवीनं खाल्लं. आता चार हजार पोरांची नावं फक्त त्याच्या कॉम्प्युटरात.

कुणी आलं की तो शोधायच्या चौकटीत एकेक अक्षर दाबी. 'सो' दाबलं की पडदा टुणकन सोनबावर, 'सोपा' दाबलं की कुठल्यातरी सोपानवर. पुढचं जुळलं नाही तर चौकट लाल. साहेब मान हलवत, "न्हाय." त्यावर अपील नव्हतं.

त्याची एक रीत होती. सापडलेल्या नावावरून कर्सर हलवायचा नाही. ती जागा शुभ. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडू वाहायचा, तेव्हाच काय तो कर्सर फायलीच्या माथ्यावर न्यायचा. म्हणून दिवाळीपर्यंत भराभर नावं सापडत आणि उन्हाळ्यात चौकट सारखी लाल. त्यावर साहेबांचा सिद्धांतही तयार होता. "उनात लोकांची डोकी फिरत्यात. नावं चुकीची सांगत्यात."

निमगाव केतकीच्या सिंधुबाई चैत्रात आल्या, वैशाखात आल्या, ज्येष्ठातही आल्या. धाकटा भाऊ सोपान, पहिलीत असताना तापानं गेलेला. आईबाप गेले, गाव बुडालं, फोटो कधी काढलाच नव्हता. सासरच्या बायका चेष्टा करत, "सिंधूचा भाऊ सपनातला!" बाईंना लिहितावाचता येत नव्हतं. कुणीतरी त्याचं नाव कागदावरून मोठ्यानं वाचावं, एवढंच मागणं.

"सोपान गेनबा. नीट बघा, साहेब."

"तीनदा बघितलं, मावशी. असा पोरगा शाळंत नव्हताच."

"मी त्याला कडंवर घिऊन सोडायची."

"दुसरं कुणी आसंल."

भादव्यात शेजारच्या कॉम्प्युटर क्लासातली प्रगती झेरॉक्सला आली आणि त्याच्या खांद्यावरून बघत राहिली.

"साहेब, तुमी खालीच शोधताय. कर्सरच्या वरची नावं तर बघतच न्हाय ह्यो. शेवटाला गेला की थांबतोय."

"मला शिकीवतीस व्हय?"

तिनं हसत चौकटीशेजारचा वरचा बाण दाबला. पडदा उलटा पळाला. साहेबांनी थोडा वेळ हनुवटी खाजवली आणि मग, का कोण जाणे, 'सोपान गेनबा' टाइप केलं. पान तिसरं. इयत्ता पहिली.

प्रगती गेली. विजयसिंह बसून राहिला. किती उन्हाळे? कोण कोण आलं होतं? परत पाठवलेल्यांची यादी त्यानं ठेवली नव्हती. नसलेल्यांची यादी कोण ठेवतं? एक म्हातारा पायरीवर रडला होता. त्याचं नावसुद्धा आठवेना.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं निमगावला गेला. सिंधुबाई दारात शेंगा फोडत होत्या. त्यानं कागद काढला, मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं.

बाईंचे हात थांबले नाहीत.

"कुणाचं म्हनायचं हे?"

"तुमच्या भावाचं, मावशी. माझी चूक झाली. वर व्हतं, मी खाली..."

"न्हाय व्हतं, साहेब. तुमीच म्हनलात. तीनदा." त्यांनी टरफलं सुपाच्या कडेला सारली. "घरातली म्हनली, बघ, साहेबबी म्हनत्यात. मग मलाबी वाटाय लागलं, माजंच डोस्कं फिरलं आसंल. त्याचं तोंड आठवाय बसलं तर दुसऱ्याच पोराचं यायचं."

"आता कागद हाय की."

"कागदावर तोंड हाय का?"

विजयसिंहनं कागदाची घडी घातली.

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास आसतो. पन्नास वरसं धरला." त्या शेंग फोडत म्हणाल्या, "औंदा सकाळीच भाकरी खाल्ली."