शरीराला उशिरा कळतं

केस कापायच्या त्या छोट्या दुकानात सगळ्या तिला कात्री म्हणत. हातातल्या कात्रीमुळे नव्हे, जिभेमुळे. खुर्चीतल्या बाईचे केस आणि गल्लीतल्या लोकांची अब्रू ती एकाच वेळी कापते, असं तिची नणंदच म्हणायची. दुकान दोघींचं होतं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. त्यामुळे पाळी चुकली तेव्हा तिने नवऱ्याशिवाय कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण शरीर कुठलं गप्प बसतंय? केसांच्या रंगाची बाटली उघडली की पोटात ढवळायचं. छाती इतकी दुखरी झाली, की कपडा घासला तरी कळ यायची. दुपारी उभ्या उभ्या डोळे मिटायचे. मागच्या बेसिनपाशी तिला ओकताना पाहून नणंदेने काही न विचारता रंगाची कामं स्वतःकडे घेतली.

पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा एक लुकलुकता ठिपका दाखवला. हे हृदय, म्हणाल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मुलखाचा अबोल. पण त्या दिवसापासून रोज जेवताना विचारायचा, आज काय नवीन? ती मोबाइलवर वाचून सांगायची, आता शेंगदाण्याएवढं झालं असेल, आता कोपर वाकत असेल. एकदा म्हणाली, बोटं फुटतायत, अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. तो घास हातात धरून स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग हळूच सांगितलं की ठोके नाहीत, वाढ मागेच कधीतरी थांबलीय.

"पण मला आज सकाळीसुद्धा उलटी झाली," ती म्हणाली. जणू पुरावा देत होती.

"होते. शरीराला उशिरा कळतं. तुमचं काही चुकलेलं नाही."

जिना उतरताना नवरा मध्येच थांबला. "म्हणजे आपण बोटांचं बोलत होतो, तेव्हा ती नव्हतीच," एवढंच म्हणाला. तिने त्याचा हात धरला आणि पुढची पायरी उतरली.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेतल्यावर कळा सुरू झाल्या आणि सगळं वाहून गेलं. नणंद पाठ चोळत बसली होती, नवरा दाराबाहेर जमिनीवर. त्यानंतरही कितीतरी दिवस छाती दुखत राहिली. त्या दुखण्याचाच तिला आधार वाटायचा, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

कामावर परतल्यावर एका सकाळी नणंद यायच्या आत तिने रंग कालवायला घेतला. वास नाकात गेला. पोटात काहीच हललं नाही. तिथेच स्टुलावर बसून ती हमसून हमसून रडली. समोरच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांनी सावकाश विचारलं, तेव्हा तिने पहिल्यांदाच कुणा परक्याला सांगितलं, "होतं बाई. राहिलं नाही."

"माझंही," त्या म्हणाल्या. "आता नातवंडं आहेत मला. तरी माझी मुलं ते धरूनच मोजते मी मनात."

त्या उठल्या, दाराला आतून कडी लावली आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या.